कोकणातले निसर्ग-संवर्धन प्रकल्प आणि मालकीचा जुना प्रश्न

कोकणात संवर्धनाची नवी योजना आली की ग्रामसभेत जैवविविधतेबद्दल फारसं कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की आमच्या सातबाऱ्यावर काय चढणार? बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हा प्रश्न संकुचित वाटतो. पण गेल्या पाऊणशे वर्षांत इथल्या माणसाच्या जमिनीवर काय काय चढलं आणि उतरलं, हे पाहिलं की यापेक्षा नेमका प्रश्न दुसरा नसेल असं वाटू लागतं.

विदर्भात, मेळघाटासारख्या भागात, जंगल म्हणजे सरकारी जंगल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तसं नाही. उपग्रहाच्या चित्रात या दोन जिल्ह्यांचा निम्म्याच्या आसपास भाग हिरवा दिसतो, आणि त्यातलं कायद्याने राखीव जंगल नगण्य आहे. बाकी बहुतेक खाजगी. याचं मूळ खोतीत, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या पद्धतीत आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि डोंगरउताराची वरकस, म्हणजे हलकी, जमीन खोत आणि कुळं यांच्यात वाटली गेली. पुढे वारसांमध्ये तिचे तुकडे पडत गेले. वारस गिरणगावात, नंतर विरार-डोंबिवलीला. सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास सहहिस्सेदार, त्यातले निम्मे हयात नाहीत, हे इथे नवलाचं नाही. अशा जमिनीवरचं रान ठेकेदाराला उक्तं विकायचं, आठ-दहा वर्षांनी ते फुटून वाढलं की पुन्हा विकायचं, असा व्यवहार बसला. चिपळूण-संगमेश्वर भागात निघालेलं हे लाकूड घाट चढून कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातं.

त्यावर सरकारी उपायांची पुटं चढत गेली. १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा आला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात ‘वन’ या शब्दाची व्याप्ती वाढवली, आणि सिंधुदुर्गात कित्येकांच्या खाजगी जमिनींना वनसंज्ञा लागली, म्हणजे त्या कागदावर वन ठरल्या. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावाने कबुलायतीवर सामाईक धरलेल्या जमिनींचा, गुंता त्याहून वेगळा आणि जुना. या साऱ्यात निसर्ग वाचावा हा हेतू कुठे होता, कुठे नव्हता. गावाच्या लक्षात राहिलं ते एकच: मुंबईत किंवा दिल्लीत कागद फिरला की आपल्या जमिनीचं नाव बदलतं.

जगात याच काळात संवर्धन प्रकल्प आखण्याचं एक शास्त्र तयार होत होतं. १९६९ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी चार रकान्यांचा आराखडा बनला: काय करणार, मोजणार कसं, पुरावा कुठला, आणि गृहीतकं कोणती. आजही निधी मागणाऱ्या संस्थेला असा तक्ता भरावा लागतो. ऐंशीच्या दशकात विकसनशील देशांत कुंपण घालून जंगल राखण्याच्या पद्धतीवर टीका वाढली. १९८५ च्या सुमारास जागतिक वन्यजीव निधीने संवर्धन आणि गावाचा विकास एकत्र बांधणारे प्रकल्प सुरू केले, १९८६ मध्ये नेपाळात अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्र उभं राहिलं. १९९१ मध्ये जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे जीईएफ, स्थापन झाली आणि १९९२ च्या रिओ परिषदेनंतर जैवविविधतेसाठी पैशाचा कायमचा मार्ग खुला झाला. भारतात १९९६ पासून पेरियार, गीर, रणथंभोर अशा सात ठिकाणी जागतिक बँकेच्या मदतीने परिसर-विकास प्रकल्प चालला. त्या सातांत कोकणातलं एकही ठिकाण नव्हतं, आणि असतं तरी तो साचा इथे बसला नसता. त्याची कल्पना मधोमध सरकारी जंगल आणि भोवती गरीब गावं अशी होती. इथे गावाचंच जंगल आणि मालक मुंबईत. त्या चार रकान्यांपैकी शेवटचा, गृहीतकांचा, लोक घाईत भरतात. कोकणातला मालकीचा प्रश्न बहुतेक अहवालांत तिथेच जाऊन बसतो, असा माझा अनुभव आहे.

जमिनीचं हे असं. समुद्राला तर सातबाराच नाही.

मालवणच्या समुद्रात प्रवाळ असल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवल्यावर १३ एप्रिल १९८७ रोजी तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. नकाशावर हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात तिथे गाबीत समाजाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, पडत होती, होड्या लागत होत्या, किल्ल्यात माणसं राहत होती. रापणीची जागा, तिचा क्रम, वाट्याचे हिशेब हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, पण कुठल्याही सरकारी दप्तरात नसलेलं. वन विभाग हा समुद्रावरचा नवा मालक होता आणि त्याला पोहता येतं का, अशी थट्टा किनाऱ्यावर व्हायची. विरोध झाला आणि अभयारण्य कागदावर राहिलं. यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी तजवीज आधी करावी, असं कलम आलं. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. आधी ठरवलं, मग विचारलं, असा तो क्रम होता.

पुढचा मोठा प्रयत्न आला तो जीईएफच्या पैशातून. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत सुमारे ३४ लाख डॉलरच्या अनुदानावर सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प मंजूर झाला आणि २०१७ पर्यंत चालला. जुळा प्रकल्प आंध्रात, पूर्व गोदावरीच्या खाडीत. आखणीतला मुख्य बदल असा की अभयारण्याची हद्द बाजूला ठेवून मासेमारी, पर्यटन आणि शेती या तीन व्यवसायांत शिरायचं. ट्रॉलच्या जाळ्यात शेवटी जी पिशवी असते, तिचे शंकरपाळ्याच्या आकाराचे आस, म्हणजे जाळीची भोकं, ओढताना मिटतात आणि पिल्लं अडकतात. चौकोनी आस उघडे राहतात, पिल्लं निसटतात. चाळीस मिलिमीटर चौकोनी आसाची जाळी वाटण्यात आली. खाडीत खेकडे आणि कालवं पाळायला बचतगटांना मदत मिळाली. भाताच्या सुधारित लागवडीचे प्रयोग झाले, तरुणांना स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या स्वामिनी गटाने कांदळवनाची सफर सुरू केली. या प्रकल्पावर टीका करायला जागा आहे: पर्यटक वाढले तसा प्रवाळावर होड्यांचे नांगर आणि पाय पडण्याचा त्रासही वाढला. पण वन, मत्स्य आणि पर्यटन ही तीन खाती एका टेबलाशी बसली, हे मालवणने त्याआधी पाहिलं नव्हतं.

यापेक्षा अगदी वेगळ्या वाटेने गेलेलं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२ मध्ये तिथे कासवांच्या मागे लागली तेव्हा हातात ना नकाशा होता ना चार रकाने. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी काढून खाणं किंवा विकणं हे किनाऱ्यावर नित्याचं होतं. संस्थेने अंडी काढणाऱ्यांनाच राखणीला घेतलं. पहाटे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, फेरी, मादीचा माग दिसला की घरटं उकरून अंडी जाळीच्या कुंपणात हलवायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक घरोघरी राहू लागले आणि घावणे-उकडीच्या मोदकांनी गावात पैसा आला. पुढे हेच आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, वायंगणी असं पसरलं. २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली, त्यांतली पहिली ‘प्रथमा’ वेळासचीच. माझ्या मते वेळास जमलं त्याचं निम्मं श्रेय पुळणीला आहे: ती कुणाच्याच हिश्श्याची नव्हती, त्यामुळे कुणाचं काही जाणार नव्हतं. म्हणून वेळासचा साचा उचलून रानात लावायला जाऊ नये.

खाड्यांची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि ती रायगडातल्या पेण-अलिबागच्या शेतकऱ्याकडून ऐकावी. १९४८ मध्ये खारभूमीचा कायदा झाला. भरतीचं पाणी अडवायला बांध घालून खाडीकाठी भात पिकवायचा, ही तेव्हाची सरकारी योजना. तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, तोडली गेली ती या योजनेच्या छत्राखाली. पुढे बांधांची डागडुजी थांबली, खांडी गेल्या, म्हणजे बांधांना भगदाडं पडली, खारं पाणी शेतात शिरलं आणि पाठोपाठ तिवरंही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि ती जमीन वन म्हणून राखायला सांगितली. मुंबईच्या भरावाला त्याने लगाम बसला, यात शंका नाही. पण ज्याच्या शेतात खांड गेल्यामुळे तिवर उगवलं, त्याला आपलं शेत परत मिळण्याची वाट बंद झाल्यासारखं वाटलं. कागदावर तेही वाढलेलं कांदळवनच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचं कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ मध्ये ३२४ झालं. या वाढीकडे बघताना पेणचा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवावा. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला आणि २०१७ पासून खाजगी व सामूहिक जागेतही खेकडे, कालवं, जिताडा पाळण्यासाठी अनुदानाची योजना आणली, ती याच दुखण्यावर उशिरा शोधलेलं औषध आहे.

देवराया आणि रानांकडे वळतो. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि त्या शास्त्राच्या नजरेत आल्या. गावाला त्या माहीत होत्याच: गाऱ्हाणं घालून कौल मिळाल्याशिवाय काठीही आणायची नाही. पण अनेक ठिकाणी देवराईच्या कागदावर देवस्थानाऐवजी सरकारचं नाव आलं, आणि चाकरमान्यांच्या वर्गणीतून देवळांचे जीर्णोद्धार सुरू झाले तेव्हा सिमेंटच्या सभामंडपासाठी जुनी झाडं पडली. बाहेरच्या ठेकेदाराला दोष देणं सोपं असतं. इथे कौल मागणारे आणि झाड पाडणारे एकच होते.

अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था नव्वदच्या दशकापासून संगमेश्वर भागात देवरायांवर काम करते आहे. पुढे तिने खाजगी रानांसाठी थेट मालकांशी करार केले: ठरावीक वर्षं तोड करायची नाही, त्याबदल्यात मोबदला. पश्चिम घाटासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीतून अशा कामाला बळ मिळालं. दुसरा मार्ग बेहड्याच्या झाडाचा. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो आणि फळ औषधाला जातं. फळाला फेअरवाइल्ड, म्हणजे रान न ओरबाडता गोळा केल्याचं, प्रमाणपत्र मिळवून ते विलायतेतल्या हर्बल चहाच्या कंपनीला विकलं गेलं, आणि उभं झाड लाकडाच्या भावापेक्षा जास्त देऊ लागलं. याच्या मर्यादा उघड आहेत. करार करायला सगळे सहहिस्सेदार एकत्र आणावे लागतात, आणि ते आणण्यात प्रकल्पाची पहिली दोन वर्षं निघून जातात. निधी देणाऱ्याच्या कोष्टकात ही दोन वर्षं ‘प्रगती नाही’ अशी दिसतात.

कोकणची जैवविविधता सगळ्यात जास्त बदलली ती मात्र संवर्धनाच्या नावाने न आलेल्या योजनेने. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू केली. वरकस जमिनीवर, सड्यांवर हापूस आणि काजू उभे राहिले. लोकांच्या हातात पैसा आला, हे मान्यच करायला हवं. पण सडा म्हणजे पडीक कातळ, हा महसुली समज त्यामुळे आणखी पक्का झाला. पावसाळ्यात त्याच कातळावर बेडूक असतात, आणि सीतेच्या आसवांसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पतीही. सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं तर २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सुरूंग लावून खड्डे घेताना यातलं काही मोजलं गेलं नाही.

पश्चिम घाट समितीचा वाद सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, निर्णय ग्रामसभेपासून वर यावेत असं त्यात होतं. तो मराठीत गावोगाव पोचायच्या आधी त्याच्याबद्दलच्या अफवा पोचल्या. २०१३ च्या कस्तुरीरंगन अहवालानंतर २०१४ पासून घाटातलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे निघाले, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी; त्या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. दरम्यान दोडामार्गात रानं साफ होऊन रबर लागलं.

किनाऱ्यावर आता हरित हवामान निधीच्या ४ कोटी ३४ लाख डॉलरच्या मदतीचा प्रकल्प आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत चालू आहे, आणि सिंधुदुर्ग त्यात आहे. मालवणचे पारंपरिक मच्छीमार मात्र गेली काही वर्षं वेगळ्याच मागणीसाठी रस्त्यावर येतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, मर्यादा आल्या, २०२१ मध्ये राज्याचा मासेमारी कायदा कडक झाला. पण परराज्यातले वेगवान ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांची मासेमारी थांबलेली नाही, आणि गस्तीच्या नौका पुरत नाहीत. १९८७ च्या अभयारण्याला विरोध करणाऱ्यांची मुलं आज सरकारकडे समुद्रात अधिक कडक पहारा मागताहेत, आणि तोही २९ चौरस किलोमीटरपुरता नव्हे, अख्ख्या किनाऱ्यावर.