अमेरिकेतील स्पॅनिश रेडिओ केंद्रे व त्यांची मालकी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिशमधून कार्यक्रम प्रसारित करणारी केंद्रे. आकाशवाणी सरकारी, पण अमेरिकेत रेडिओ पहिल्यापासून मुख्यतः खासगी धंदा; सरकार परवाना देते आणि नियम घालते. त्यामुळे निवेदक कोण यापेक्षा परवाना कोणाच्या नावावर, हा प्रश्न येथे जास्त महत्त्वाचा ठरतो.

आरंभीच्या काळात परवाने बहुतेक इंग्रजीभाषक मालकांकडे होते. जाहिराती मिळत नसत ते पडीक तास ते दलालांना विकत, आणि स्पॅनिश रेडिओ वाढला तो याच तासांवर. लॉस एंजेलिस परिसरात पेद्रो गोन्सालेस यांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम पहाटे चारला सुरू होई. कामावर निघणारे मेक्सिकन मजूर तो ऐकत. मजुरांच्या हद्दपारीविरुद्ध गोन्सालेस बोलू लागले आणि १९३४ मध्ये बलात्काराच्या आरोपावरून तुरुंगात गेले. तक्रारदार मुलीने पुढे जबाब फिरवला, तरी १९४० मध्ये सुटताच त्यांची मेक्सिकोत रवानगी झाली. श्रोते त्यांचे होते, केंद्र नव्हते.

राउल कोर्तेस यांनीही आधी दुसऱ्याच्या केंद्रावर वेळ विकत घेतला होता. १९४६ मध्ये त्यांनी सॅन अँटोनिओत स्वतःचे केसीओआर केंद्र काढले. मेक्सिकन-अमेरिकन मालकाचे, पूर्णवेळ स्पॅनिश असे हे पहिले केंद्र मानतात. ‘सीओआर’ ही अक्षरे त्यांच्या आडनावातली. वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यातील ग्रेंजर येथे १९७९ मध्ये केडीएनए सुरू झाले. हे विनानफा केंद्र फळबागांतल्या शेतमजुरांसाठी होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथे रेडिओ बिलिंग्वे उभे राहिले.

१९९२ मध्ये लॉस एंजेलिसचे केएलएएक्स मेक्सिकन बांदा (पितळी वाद्यवृंदाच्या) संगीताच्या जोरावर, इंग्रजी केंद्रांनाही मागे टाकून, श्रोतृसंख्येत पहिले आले. मग बडे भांडवल या बाजारात न उतरते तरच नवल. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकावरची देशभरात ४० केंद्रांची मर्यादा उठली. मोठ्या शहरात एका मालकाला आठ केंद्रांपर्यंत मुभा मिळाली. १९९७ मध्ये हेफ्टेल व टिचेनॉर या स्पॅनिश रेडिओ कंपन्या एकत्र आल्या. त्यातून झालेली हिस्पॅनिक ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन २००३ मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश टीव्ही कंपनीने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतली. प्रक्षेपणक्षेत्राजवळ मुख्य स्टुडिओ ठेवण्याचे बंधनही २०१७ मध्ये रद्द झाले. लहान गावांतल्या केंद्रांचे खरे नुकसान अशा नियमबदलांनी होते. तिथे बातमीला धावणारा माणूसच उरत नाही.

मात्र मालक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचा) झाला की केंद्र स्थानिक झाले, असेही नाही. २०२२ मध्ये युनिव्हिजनची १८ केंद्रे ६ कोटी डॉलरला लॅटिनो मीडिया नेटवर्क या नव्या कंपनीकडे गेली. दोन लॅटिना महिलांनी ती स्थापन केली होती. या १८ केंद्रांत मायामीचे रेडिओ माम्बी होते, क्यूबातून आलेल्या कट्टर कम्युनिस्टविरोधी निर्वासितांचे हक्काचे व्यासपीठ. दोघी डेमोक्रॅटिक पक्षाच्या वर्तुळातल्या, शिवाय भांडवलाचा संबंध त्याच पक्षाचे मोठे देणगीदार, अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्याशी निघाला. तेव्हा मायामीत निषेध झाले आणि काही निवेदक केंद्र सोडून गेले.