वाढदिवसाचं पाकीट

मुलांच्या वाढदिवसाला नातेवाईक, शेजारी आणि आईबाबांचे मित्र पाकिटात घालून जी रक्कम देतात तिला बोलताना नुसतं पाकीटच म्हणतात, आहेर हा शब्द लग्नामुंजीचा, वाढदिवसाला तो जरा जड पडतो. रकमा ठरलेल्या असतात, ५१, १०१, २५१, ५०१, म्हणजे वरचा एक रुपया आलाच.

हा वरचा रुपया आला कुठून यावर एकमत नाही. शून्यावर थांबलेली रक्कम म्हणजे हिशेब मिटला, वरच्या एकाने नातं पुढे चालू राहतं, ही समजूत सगळ्यात जास्त सांगितली जाते. दुसरं मत असं की विषम आकडा शुभ कारण त्याचे दोन सारखे भाग होत नाहीत, पण हे फारसं टिकत नाही, नुसता विषमच हवा असता तर ७५ किंवा १२५ पण पाकिटात दिसले असते. तिसरं मत सव्वाचं. दक्षिणा सव्वा रुपया, सव्वापाच, सव्वाअकरा अशी द्यायची, सत्यनारायणाचा शिरा आजही सव्वाच्या मापाने होतो, म्हणजे पुऱ्या मापावर थोडं वर घालायची रीत घरोघरी होतीच आणि पाकिटातला रुपया त्याच वळणाचा दिसतो. सव्वा रुपया म्हणजे २० आणे, १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आल्यावर तो १ रुपया २५ पैसे झाला, आणि ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशाचं नाणंच चलनातून गेलं. अर्थात १०१ त्याच्या खूप आधीपासून देत होते, त्यामुळे चार आणे गेले म्हणून रुपया आला असं म्हणता येणार नाही. शिवाय उत्तर भारतात शगुन म्हणून हेच आकडे चालतात, तेव्हा ही रीत फक्त आपली असंही धरू नये. तरी सव्वाचं मत त्यातल्या त्यात पटणारं आहे.

बाजारातल्या पाकिटावर उजवीकडे एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं, आत नोट सरकवली, वर चि. लिहून मुलाचं नाव घातलं की झालं. रक्कम नोटांवरही अवलंबून असते, २०० ची नोट २०१७ मध्ये आली आणि १०१ आणि ५०१ च्या मध्ये दोनच नोटांत २५१ बसायला लागले. यूपीआयवर ५०१ पाठवता येतात, रुपया आकड्यात राहतो, पण मुलाच्या हातात काहीच पडत नाही.

जुन्या वर्धापन विधीत मार्कंडेय आणि सात चिरंजीवांची पूजा, तीळ-गूळ घातलेलं दूध असं असतं, तिथे भर यजमानाने करायच्या दानावर आहे, म्हणजे देण्याची दिशा आजच्या उलट.

किती द्यावे याचा खरा हिशेब परतफेडीचा. पाहुणे गेले की आई ओट्यापाशी उभी राहून पाकिटं फोडते आणि डायरीच्या मागच्या पानावर नाव आणि रक्कम लिहून ठेवते, कारण त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला तेवढेच किंवा थोडे वर द्यायचे असतात. म्हणून समोरच्या घराला सहज परत करता येईल तेवढीच रक्कम घालणं हेच योग्य, १०१ देणाऱ्या घरात ५०१ चं पाकीट नेलं तर ते त्या माऊलीवर ओझं होतं. ‘कृपया आहेर आणू नये’ असं निमंत्रणात लिहिलेलं असलं तर ते मानावं. आजी-आजोबा, मामा, आत्या यांना हा हिशेब लागू नाही.

कायद्याने नातेवाईकांकडून आलेली भेट करमुक्त आहे, इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती उत्पन्नात धरतात. लग्नाच्या भेटींना यातून सूट आहे, वाढदिवसाच्या भेटींना नाही.

वर्गातल्या मित्रांच्या पार्टीला पाकीट सहसा नेत नाहीत, वस्तू नेतात, आणि हल्ली चार-पाच घरं कॉन्ट्रिब्युशन काढून एकच सायकल किंवा कॅरम बोर्ड देतात.