पाणी ओसरलं की पंगत बसते

पक्षी पाहायचे तर उजाडण्याआधी उठायचं, हे जंगलात भटकून अंगवळणी पडलेलं. तीच सवय घेऊन मी उष्ण कटिबंधातल्या एका खाडीकाठी पहाटे साडेपाचला जाऊन उभा राहिलो. पाणी काठोकाठ भरलेलं. दीड तासात दिसला तो एक बगळा, तोही पेंगुळलेला. वैतागून परत गेलो. दुपारी बाराच्या उन्हात सहज डोकावलो, तर पाण्याच्या जागी लांबवर चिखल आणि त्यावर शेकडो पक्षी, माना खाली घालून कामाला लागलेले.

किनाऱ्यावरचे हे पक्षी सूर्याचं घड्याळ फारसं मानत नाहीत. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि पक्ष्यांचं जेवणही तिच्यामागे सरकतं. ओहोटी मध्यरात्री आली तर मध्यरात्री जेवण! पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत लांब ओसरतं. आता सहलीच्या तारखा ठरवताना मी हवामानाच्याही आधी भरतीचं वेळापत्रक पाहतो.

दुरून ओसाड वाटणारा हा चिखल आतून गजबजलेला असतो. शिंपले, गोगलगायी, खेकडे, बिळात राहणारे गांडुळासारखे सागरी कृमी. प्रश्न एवढाच की चिखलाखालचं दिसणार कसं? चिखल्या पक्षी डोळ्यांवर भिस्त ठेवतात. चार पावलं धावायचं, थबकायचं, काही हललं की टोचायचं. त्यांचे डोळे मोठे असतात आणि रात्रीही कामी येतात. तुतवारांची रीत वेगळी. ते शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर आत-बाहेर करत पुढे सरकतात, कारण त्यांच्या चोचीचं टोक म्हणजे जवळजवळ बोटाचं टोकच. तिथल्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत स्पर्श व दाब ओळखणारी टोकं दाटीवाटीनं बसलेली असतात.

याच कुळातल्या ‘नॉट’ नावाच्या पक्ष्यावर नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वाळूत शिंपल्यांऐवजी चक्क दगड पुरले. दगडाला ना वास, ना हालचाल. तरीही ओल्या वाळूत नॉटना ते सापडले, कोरड्या वाळूत मात्र नाहीत. स्पष्टीकरण असं की चोच खुपसली की वाळूच्या कणांमधलं पाणी दाबलं जातं. वाटेत टणक वस्तू असेल तर त्या दाबात फरक पडतो आणि चोचीला तो कळतो. म्हणजे ओहोटीनंतर मागे राहिलेला ओलावा हा त्यांच्या हत्याराचाच भाग आहे. लांब, बाकदार चोचीचा कर्ल्यू खोल बिळातल्या भक्ष्यापर्यंत पोहोचतो, आखूड चोचीचे वरचा थर चाळतात, आणि एकाच चिखलावर सगळ्यांचं भागतं.

पाहणाऱ्यासाठी सर्वांत चांगला वेळ कोणता? ऐन ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेशी असतात, म्हणजे दुर्बिणीतही ठिपके. भरतीच्या तास-दोन तास आधी जाऊन, सूर्य पाठीशी घेऊन गुपचूप बसावं. चढतं पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. फोटोसाठी त्यांच्या अंगावर चालून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. थवा उडाला तर आपल्याला सुंदर दृश्य मिळतं, पण पक्ष्यांची कष्टानं साठवलेली चरबी खर्च होते. ती चरबी म्हणजे त्यांचं इंधन. 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक पट्टेरी शेपटीचा गॉडविट (हाही चिखलात चरणारा पक्षी) अलास्काहून टास्मानियाला 11 दिवसांत, कुठेही न थांबता, सुमारे 13,560 किलोमीटर उडाला. अशा उड्डाणाआधी गॉडविटचं निम्म्याहून अधिक वजन चरबीचं असतं आणि पचनसंस्थेचे अवयव आक्रसून लहान होतात.

होडीतून खुल्या समुद्रात गेलात तर हिशेब बदलतो. तिथलं निळंशार, नितळ पाणी आपल्याला मोहवतं, पण पाणी नितळ असतं कारण त्यात सूक्ष्म वनस्पती फार थोड्या असतात. वरचा गरम थर खालच्या गार पाण्यात सहसा मिसळत नाही, आणि पोषक द्रव्यं खालीच अडकून राहतात. मासे असतात ते विरळ, इथेतिथे. म्हणून नुसत्या पाण्याकडे टक लावून बसू नये, क्षितिज चाळावं. एका जागी सुरय पक्षी घिरट्या घालत सूर मारताना दिसले, की बहुधा खालून ट्यूना किंवा डॉल्फिन लहान माशांना वर रेटत असतात. (हलत्या होडीत दहापट दुर्बिणीपेक्षा आठपट बरी, मोठं दिसण्यापेक्षा स्थिर दिसणं महत्त्वाचं.) लाटांवर पांढरा फेस नसेल त्या दिवशी डॉल्फिनचा पंख किंवा श्वासासाठी वर आलेलं कासवाचं डोकं सहज ओळखू येतं.

आणि फार उंचावर, पंख न हलवता, दुभंगलेल्या शेपटीची काळी आकृती तरंगत असेल तर ती फ्रिगेटबर्डची. गंमत अशी की या समुद्री पक्ष्याची पिसं पाण्यात भिजतात, त्यामुळे विश्रांतीला पाण्यावर उतरायची सोय नाही. उडते मासे तो पृष्ठभागावरून वरच्या वर उचलतो, नाहीतर दुसऱ्या पक्ष्याचा घास पळवतो. गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेटबर्डांच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या, तेव्हा दहा दिवसांपर्यंतच्या उड्डाणांत ते दिवसाला सरासरी 42 मिनिटंच झोपत होते, तीही तुकड्यातुकड्यांनी. जमिनीवर परतल्यावर मात्र तेच पक्षी दिवसाला बारा तासांहून अधिक झोपले.