जामीन कोण राहणार? कोल्हापूरच्या कामाच्या जागांमधल्या विश्वासाची पार्श्वभूमी

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आलेला हुकूम आपण राखीव जागांचा हुकूम म्हणून ओळखतो. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना, एवढं त्यातलं सगळ्यांना माहीत असतं. त्याच हुकमात आणखी एक कलम आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. हुकमानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला सादर करायचा होता. शाहू महाराज तेव्हा विलायतेत होते. राजा समोर नसताना हुकूम पाळला जातो की नाही, ते या तक्त्यावरून कळणार होतं.

कामाच्या जागेवरच्या विश्वासाबद्दल आज बरंच बोललं जातं. साहेबाने मोकळेपणाने वागावं, एकमेकांना समजून घ्यावं, असा त्याचा सूर असतो. त्यात चूक काही नाही. पण कोल्हापूरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याच्या हातात काही नाही, त्याला हिशेब पाहता आला आणि विचारता आलं, तिथेच विश्वास टिकला.

१८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते. कारकुनांमध्येही जवळपास तेच चित्र. खेड्यातून अर्ज घेऊन आलेल्या माणसाला कचेरीत आपलं म्हणावं असं कुणी दिसत नव्हतं. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांपैकी ३५ त्या जातीचे उरले. पुढे १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले गेले. गावाचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलं, की त्यात काय लिहिलंय ते तपासायची सोयच उरत नाही. म्हणून मला हा निर्णयही विश्वासाच्याच इतिहासात धरावासा वाटतो.

अर्थात कागद सगळं करू शकत नाही. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून बरोबरच्या नोकरांनीच त्यांना मारलं. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली, आणि त्यांच्या हॉटेलात जाऊन ते स्वतः चहा पिऊ लागले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. तरी तिच्यात एक सल आहे. न्याय मिळाला, पण त्या पागेत बरोबरच्या माणसांच्या भरवशावर काम करणं त्यांना शक्य राहिलं नव्हतं.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि बाहेरचे कामगार कायदे इथल्या कारखान्यांना लागू होत गेले. त्यातला १९३६ चा वेतन अदायगी कायदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२५ मध्ये नव्या वेतन संहितेने त्याची जागा घेतली, तोवर त्याचे नियम असे होते. हजाराहून कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सात तारखेपर्यंत पगार झाला पाहिजे. दंड करायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकायचं, रजिस्टरात नोंद करायची, रक्कम पगाराच्या साधारण तीन टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, आणि जमलेला दंड कामगारांच्याच हितासाठी वापरायचा.

फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला याचं मोल लगेच कळेल. उद्यमनगरात ओतकाम वाढलं, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पसरलं. ओतकामातला दोष बहुतेक वेळा आत असतो. वाळूत ओल राहिली, साचा थोडा ढासळला, की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. वरून माल चांगला दिसतो. मशीनवर चढवून कापायला घेतल्यावर ती उघडी पडते आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतो. साचा बिघडलाय हे धातू ओतायच्या आधी एकाच माणसाला ठाऊक असतं, तो म्हणजे मोल्डर. त्याने ‘थांबा, हा नको’ म्हटलं तर थोडी वाळू आणि थोडा वेळ जातो. पण म्हटल्याबरोबर पगार कापला जाणार असेल तर तो गप्प बसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कोल्हापूरने यात स्वतःची भर घातली ती नोकरदारांच्या पतसंस्थांमधून. शिक्षक, सरकारी कर्मचारी, कारखान्यांचे कामगार अशा सगळ्यांच्या पतसंस्था या जिल्ह्यात आहेत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ मुळे, सभासदाने तसं लिहून दिलं असेल तर मालकाला कर्जाचा हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरावा लागतो. कर्जाला जामीनदार लागतात, आणि ते सहसा त्याच कामावरचे असतात. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, आईचं ऑपरेशन: यासाठी माणूस शेजारच्या टेबलावरच्याला विचारतो, ‘जामीन राहतोस काय?’ सही करणाऱ्याला पक्कं माहीत असतं की याने हप्ते बुडवले तर आपल्या पगारातून जाणार. तरीही सही होते. एखाद्या कार्यालयात माणसांचा एकमेकांवर किती भरवसा आहे, ते जामीनखतं चाळली तर कळेल.

या संस्थांच्या वार्षिक सभा गाजतात. ताळेबंदावरून आरडाओरडा होतो, माइक ओढले जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘गोंधळात सभा गुंडाळली’ असं येतं. दमदाटी आणि हुल्लड मला मान्य नाही. पण शिपायाने उभं राहून संचालकाला ‘हा खर्च कशाचा?’ विचारणं ही या गावाची मोठी कमाई आहे. अहवाल न वाचता हात वर करणाऱ्या शांत सभेची मला जास्त काळजी वाटते.

आता या साखळीबाहेर एक मोठा वर्ग उभा आहे. कंत्राटी कामगार त्याच मशीनवर, त्याच पाळीत काम करतो. पण त्याचा पगार ठेकेदाराकडून येतो आणि ठेकेदार बदलतो. हप्ता कापण्याची हमी कोण देणार, म्हणून पतसंस्थेचं सभासदत्व त्याला सहसा मिळत नाही. कायम कामगार इच्छा असूनही त्याला जामीन राहू शकत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, आणि पगारवाटपाच्या वेळी मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, अशी तरतूद झाली. ती पगारापुरती होती, आणि तो कायदाही २०२५ मध्ये नव्या संहितेत विलीन झाला. पतसंस्थांनी पोटनियम बदलून, मूळ कारखान्याची हमी घेऊन या कामगारांना सभासद करून घेता येईल का, हा प्रश्न येत्या वार्षिक सभांमध्ये कुणीतरी उभं राहून विचारायला हवा.