सेंट किल्डा, एक पॉइंट आणि ६० वर्षांची वाट

२०२६ च्या सीझनला सेंट किल्डा या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबकडून काय अपेक्षा ठेवायची असं कुणी विचारलं की मला आधी १९६६ सांगावंच लागतं, त्याशिवाय या क्लबने २०२५ च्या अखेरीस नव्या खेळाडूंची एवढी मोठी खरेदी का केली ते कळतच नाही.

ज्यांनी फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, कधी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधल्या दोन मोठ्या खांबांतून लाथेने बॉल गेला तर गोल, म्हणजे ६ पॉइंट, आणि बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, म्हणजे फक्त १. बॉल लांबट असल्यामुळे टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा काही भरवसा नाही. ही टप्प्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लब १८७३ चा, मेलबर्नच्या समुद्राकाठच्या सेंट किल्डा भागातला. १८९७ मधे व्हीएफएल लीग सुरू झाली (हीच पुढे एएफएल झाली) तेव्हापासूनचे हे मेंबर, आणि सुरुवात कशी, तर पहिल्या ४८ मॅचेस सलग हरले! तीन सीझन एकही विजय नाही. १९०० च्या पहिल्याच राउंडला मेलबर्नशी बरोबरी झाली, पण मेलबर्नचा एक बिहाइंड बेल वाजून गेल्यावर मोजला गेला होता, सेंट किल्डाने प्रोटेस्ट केला, तो मान्य झाला आणि पहिला विजय मिळाला तो एका पॉइंटने.

मग २४ सप्टेंबर १९६६ ची फायनल. आपल्याला बॉक्सिंग डे टेस्टमुळे माहीत असलेलं एमसीजी, एक लाखाच्या वर पब्लिक, समोर कॉलिंगवूड. कोच ॲलन जीन्स, कॅप्टन डॅरेल बाल्डॉक. शेवटच्या मिनिटाला दोघांचे ७३-७३ आणि गर्दीतून बॉल आला अठरा वर्षांच्या बॅरी ब्रीनच्या हाताला. त्याने जमेल तशी लाथ मारली, बॉल वेडावाकडा हेलपाटत गेला आणि गोल नाही, बिहाइंड झाला. ७४-७३. त्यानंतर कॉलिंगवूडने परत बॉल पुढे आणला पण बॉब मरेने आपल्या बाजूला मार्क घेतला, म्हणजे हवेतला बॉल झेलला, आणि सायरन वाजला. क्लबच्या सगळ्या इतिहासातली ही एकमेव प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद. फ्रीमँटलला अजून एकही मिळालेली नाही पण ते आलेच १९९५ मधे, बाकी जिंकलेल्या क्लब्जमधे एवढी लांब वाट आज दुसरं कुणी बघत नाहीये.

नंतर १९७१ ची फायनल हॉथॉर्नकडून ७ पॉइंटने गेली, १९९७ ची ॲडलेडने नेली. तळाला राहिल्याचा तो वुडन स्पून तर आत्तापर्यंत २७ वेळा यांच्याच वाट्याला आलाय, लीगमधे सगळ्यात जास्त.

खरा जीव लागला तो कोच रॉस लायनच्या टीमवर. २००९ मधे सीझनच्या पहिल्या १९ मॅचेस सलग जिंकल्या, आणि फायनलला जीलाँगपेक्षा स्कोअरिंग शॉट्स जास्त असूनही १२ पॉइंटने हरले, कारण ९ गोल आणि १४ बिहाइंड, समोरच्यांचे १२ गोल आणि ८ बिहाइंड. पुढच्याच वर्षी परत फायनल, परत कॉलिंगवूड. शेवटी शेवटी लेनी हेजने लांबून बॉल गोलकडे मारला, स्टीवन मिल्न एकटा त्याच्या मागे पळत होता, बॉलचा टप्पा नीट पडला असता तर हातात येऊन गोल होता, पण तो बाजूला वळला आणि बिहाइंड झाला. ६८-६८, ड्रॉ! तेव्हा नियम असा की पुढच्या शनिवारी परत खेळायचं, आणि तिथे ५६ पॉइंटने धुलाई झाली. मी तो टप्पा कितीतरी वेळा रिप्लेमधे बघितलाय आणि दरवेळी वाटतं की या वेळी सरळ येईल. २०११ नंतर लायन फ्रीमँटलला गेला आणि टीम हळूहळू विस्कटली.

लायन परत आला २०२३ च्या सीझनसाठी. पहिल्या वर्षी सहावा नंबर, मग २०२४ ला बारावा, २०२५ ला पण बारावा. दरम्यान टीममधला जॉश बॅटल हॉथॉर्नला गेला, आणि प्रेसिडेंट अँड्र्यू बसाट यांनी २०२४ मधेच ॲकॅडमी आणि फादर-सन नियमांवर उघड टीका केली, की काही क्लब्जना ड्राफ्टमधे, म्हणजे नवीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, चांगली पोरं आधीच राखून मिळतात आणि आमच्यासारख्यांना मिळत नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटतं. ड्राफ्टमधून मिळत नसेल तर पैसे मोजून आणायचे, दुसरा रस्ता काय आहे?

म्हणून मग कार्लटनहून टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वाग्नी, गोल्ड कोस्टहून सॅम फ्लँडर्स, वेस्ट कोस्टहून लियम रायन असे चौघं एकदम आले. रायन २०१८ चा प्रीमियरशिप प्लेयर आहे, फायनलच्या शेवटच्या निर्णायक गोलसाठी मार्क घेऊन बॉल पुढे देणारा तोच होता, तेही कॉलिंगवूडविरुद्ध. जॅक स्टील मात्र इथून मेलबर्नला गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीमचा स्टार नसाया वंगानीन-मिलेरा क्लबमधेच थांबला. जुलै २०२५ मधे मेलबर्नविरुद्ध तीन क्वार्टर संपल्यावर टीम ४६ पॉइंटने मागे होती, लीगच्या इतिहासात तिथून कुणी जिंकलं नव्हतं, आणि या पोराने शेवटच्या काही सेकंदांत गोल मारून बरोबरी केली, गोलनंतर मैदानाच्या मधे बॉल आपटून खेळ परत सुरू करायचे, त्या बाउन्सला मेलबर्नची माणसं नियमाप्रमाणे उभी नव्हती म्हणून फ्री किक मिळाली, रोवन मार्शलने बॉल थेट त्याच्याकडे दिला, त्याने मार्क घेतला आणि सायरननंतर गोल मारला.

पहिल्या आठात यायला हरकत नाही असं मला मनापासून वाटतं, पण दोन गोष्टी जमल्या तर. मार्शल आणि डी कोनिंग दोघंही रक, म्हणजे खेळ सुरू होताना बॉलसाठी उडी मारणारे उंच खेळाडू, त्यांना एकत्र कसं खेळवणार हे लायनला आधी ठरवावं लागेल. आणि मॅक्स किंग. २०२५ चा अख्खा सीझन दुखापतीत गेला त्याचा, तो पुढे उभा राहिला तर या एवढ्या बॉलना कुणीतरी गोलमधे मारणारा असेल, नाहीतर परत बिहाइंडच मोजत बसावे लागतील.