छोट्या शिडाच्या बोटीसाठी टॉयलेट निवडताना

बहुतेक ग्राहक आधी भांडे बघतात: बसायला ऐसपैस आहे का, बटणावर चालते का, पुसायला सोपे आहे का. आमची विनंती आहे की आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करावी. मैला शेवटी कुठे रिकामा होणार आणि तोपर्यंत किती दिवस बोटीवर राहणार, हे एकदा ठरले की भांडे, पंप, टाकी आणि नळ्या जवळजवळ आपोआप ठरतात. हे पत्रक साधारण ६ ते १० मीटर लांबीच्या बोटींसाठी आहे.

रिकामे कुठे करणार?

मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टानुसार दळून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येतो. प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांपलीकडेच सोडायचा, तोही साठवणीच्या टाकीतून हळूहळू आणि जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना. हा करार ४०० ग्रॉस टनेज किंवा त्याहून मोठ्या, अथवा १५ हून अधिक माणसांचा परवाना असलेल्या आणि आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांसाठी आहे. आपल्या बोटीला स्थानिक नियम लागू होतात, आणि तलाव, नद्या व बंदिस्त खाड्यांत ते बरेचदा याहून कडक असतात. त्यामुळे भांड्यातून थेट समुद्रात जाणारी नळी एवढीच व्यवस्था आम्ही सुचवत नाही. छोटी का होईना, मैला धरून ठेवण्याची सोय हवीच.

पोर्टेबल टॉयलेट

दिवसभराची किंवा एका रात्रीची सफर, दोन माणसे आणि जेटीजवळ शौचालय, एवढेच असेल तर यापेक्षा महाग काही घेऊ नका. वर पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी आणि मध्ये सरकती झडप. बोटीच्या तळाला भोक पाडावे लागत नाही, ही याची सर्वांत मोठी जमेची बाजू.

खालची टाकी १० ते २१ लिटरची मिळते. मोठी घेण्याचा मोह होतो, पण २१ लिटरची भरलेली टाकी २० किलोहून जड होते आणि ती शिडीवरून, हलत्या बोटीतून जेटीवर न्यायची असते. एकट्याने उचलायची असेल तर १० ते १२ लिटरचीच घ्या. भांडे पट्ट्यांनी किंवा धातूच्या पकडींनी तळाला जखडलेच पाहिजे. बोट झुकल्यावर सुटे टॉयलेट काय करते, ते आम्ही लिहायची गरज नाही.

उन्हात बंद टाकीत वायू साठतो. अशा वेळी झडप एकदम ओढली तर आतले पाणी वर उडते. झाकण बंद ठेवूनच झडप बोटभर उघडा, दाब जाऊ द्या आणि मगच वापरा. ओतताना हवेचे बटण दाबून धरले की गचके बसत नाहीत. फॉर्मल्डिहाइड असलेले रसायन टाळा. किनाऱ्यावरचे शौचालय सेप्टिक टाकीवर चालत असेल तर ते तिथले उपयोगी जिवाणू मारते.

हातपंपाचे टॉयलेट

चार-पाच दिवसांच्या सफरीसाठी बहुतेकांना हेच योग्य ठरते. समुद्राचे पाणी १९ मिमीच्या नळीतून आत येते आणि मैला ३८ मिमीच्या नळीतून बाहेर जातो. वीज लागत नाही, आणि बिघाड झाला तर दट्ट्याची रिंग, झडपा व जोकर व्हॉल्व्ह एवढ्याच गोष्टी तपासायच्या असतात. जोकर व्हॉल्व्ह म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेला चोचीसारखा रबरी तुकडा. पंप थांबवल्यावर भांड्यात घाण पाणी हळूहळू परत चढू लागले तर तो थकला असे समजा. आम्ही तो दरवर्षी बदलायला सांगतो.

सर्वांत जास्त चूक होते ती पंप मारण्यात. भांडे स्वच्छ दिसले की लोक थांबतात आणि मैला नळीतच राहतो. ३८ मिमीच्या एक मीटर नळीत सुमारे १.१ लिटर पाणी मावते. म्हणजे टाकी दोन मीटरवर असेल तर भांडे स्वच्छ झाल्यानंतरही सव्वादोन लिटर पाणी पुढे ढकलावे लागते. आपल्या पंपाच्या एका दट्ट्यात किती पाणी जाते ते मापाच्या भांड्याने एकदा मोजा आणि किती वेळा पंप मारायचा तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पाहुण्यांसाठी तर नक्कीच.

विजेचे टॉयलेट

१२ व्होल्टची मोटर मैला दळून पुढे ढकलते. ती १५ ते २० अँपिअर घेते, पण काही सेकंदच. २० अँपिअरने २० सेकंद चालली तरी खर्च जेमतेम ०.११ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची काळजी नको. काळजी तारेची. बॅटरीपासून दूरवर बारीक तार ओढली की व्होल्टेज पडते, मोटर अडखळते आणि फ्यूज उडतो. तारेची जाडी ठरवताना जाण्या-येण्याचे दोन्ही अंतर धरा.

कोरडे टॉयलेट

यात मूत्र पुढच्या बाटलीत आणि घन मैला मागच्या डब्यात, नारळाच्या भुश्यात जातो. दोन्ही एकत्र आले नाहीत तर वास फारच कमी असतो. नळ्या नाहीत, सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकावर बसवलेला, उघड-बंद करता येणारा नळ) नाही, टाकी नाही. त्यामुळे तळाला भोक नको असलेल्यांना हे आवडते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो: विक्रीच्या कागदावर ‘कंपोस्टिंग’ लिहिलेले असले तरी खत व्हायला काही महिने लागतात. बोटीवर होते ते फक्त सुकणे. डब्यातला माल खत नसून मैलाच आहे, आणि त्याची विल्हेवाट तशीच लावायची.

माणशी दिवसाला साधारण दीड लिटर मूत्र धरले तर दोघांची ६ लिटरची बाटली दोन दिवसांत भरते. दुसरी बाटली जवळ ठेवा. बोट खूप झुकलेली असताना मूत्र मागच्या डब्यात ओघळू शकते, म्हणून लांब पल्ल्याला एकाच बाजूला झुकून जाणाऱ्यांनी विचार करावा. हवा बाहेर टाकणारा छोटा पंखा ०.१ अँपिअर घेत असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-तास लागतात. तो बंद ठेवला की ओल वाढते, चिलटे होतात.

टाकी किती मोठी?

हातपंप, टाकी जवळच आणि नळी एक मीटर असेल तर एका वापराला सुमारे २ लिटर धरा. माणशी दिवसाला पाच वापर, म्हणजे १० लिटर. दोन माणसे, दोन दिवस: ४० लिटर. टाकी चार-पंचमांशापेक्षा जास्त भरू नये, म्हणून ५० लिटरची घ्या. नळी लांब असेल तर हाच हिशेब झपाट्याने वाढतो. भरलेले ५० लिटर म्हणजे ५० किलो. ते पुढच्या टोकात ठेवले तर बोटीचे नाक खाली जाते. शक्यतो मध्याजवळ ठेवा.

टाकी जाड पॉलिथिनची घ्या, ९-१० मिमी भिंतीची असेल तर उत्तम. स्टेनलेस स्टील दिसायला दणकट असते, पण मूत्रामुळे जोडाच्या रेषेवर बारीक खड्डे पडून गळती सुरू होते. मऊ पिशवीची टाकी घासून फाटते, म्हणून ती तात्पुरती सोय समजावी.

हवेची नळी ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. ती २५ मिमीची, आखूड आणि शक्य तितकी सरळ हवी. हवा भरपूर मिळाली तर टाकीत कुजका वास निर्माण करणारे जिवाणू मागे पडतात. ती तुंबली तर पंप मारताना टाकी फुगते, आणि किनाऱ्यावरच्या यंत्राने मैला ओढताना आत चेपते. कोळशाचा फिल्टर बसवला असेल तर तो भिजू देऊ नका. भिजलेला फिल्टर म्हणजे बूचच. टाकी उघडताना खिडक्या, दारे आधी उघडा. आतला हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो.

पाणी आत येऊ नये म्हणून

छोट्या बोटीत भांडे बहुधा पाण्याच्या पातळीखाली असते. मग सायफन तयार होऊन समुद्र भांड्यात येतो. मिनिटाला ५ लिटर जरी आले तरी ८ तासांत २,४०० लिटर होतात. यावर उपाय व्हेंटेड लूप: नळीची कमान पाण्याच्या पातळीच्या वर न्यायची आणि तिच्या माथ्यावर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा.

उंची मोजताना बोट सरळ उभी धरू नका. मध्यरेषेपासून १ मीटर बाजूला असलेली जागा २५ अंश झुकल्यावर सुमारे ४२ सेंटिमीटर खाली जाते. त्या स्थितीतही कमानीचा माथा पाण्याच्या किमान २० सेंटिमीटर वर हवा. हातपंपाच्या टॉयलेटमध्ये आत येणाऱ्या पाण्याची कमान पंप आणि भांडे यांच्यामध्ये येते. ती सीकॉक आणि पंपाच्या मध्ये बसवली तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि ‘पंप खराब आहे’ म्हणून तो आमच्याकडे परत येतो.

प्रत्येक सीकॉकवर नळीला दोन क्लँप, ३१६ स्टीलचे. सीकॉक ब्राँझचा किंवा सागरी वापराच्या प्लास्टिकचा. साधे पितळ खाऱ्या पाण्यात ठिसूळ होते. बोट सोडताना दोन्ही सीकॉक बंद करा, लूप असला तरी.

वास कुठून येतो ते शोधणे

गरम पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके नळीभोवती गुंडाळा. ते थंड झाल्यावर हुंगा. वास आला तर मैला नळीच्या भिंतीतून झिरपला आहे; ती नळी धुऊन सुधारत नाही, बदलावीच लागते. नवी घेताना मैल्यासाठीच बनवलेली घ्या आणि वाटेत झोळ पडू देऊ नका, कारण पाणी तिथेच साचते. पहिल्या दट्ट्यालाच सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र दोष आत येणाऱ्या नळीचा: साचलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्मजीव मरून कुजलेले असतात. बोट बंद करताना त्या नळीत गोडे पाणी भरून ठेवा.

दांडा दिवसेंदिवस जड होत गेला तर नळीत चुनखडी साचते आहे. समुद्राचे पाणी आणि मूत्र मिळून ती तयार होते. आठवड्याला अर्धा लिटर पांढरे व्हिनेगर आत सोडून तासभर ठेवल्याने ती रोखली जाते. फार जुनी असेल तर नळी काढून जेटीवर आपटणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पापुद्रे आपोआप गळतात. ब्लीच वापरू नका. रबर खराब होतेच, शिवाय आम्लाशी संयोग झाल्यास क्लोरीन वायू निघतो.

मोजमापाला येताना तीन गोष्टी आणा: टॉयलेटच्या जागेची लांबी-रुंदी-उंची, त्या जागेचे मध्यरेषेपासूनचे अंतर, आणि बोट पाण्यात सामानासह उभी असताना त्या जागी पाण्याची पातळी कुठे येते त्याची खूण.