"स्वतःच्या चुकीने लागलं, म्हणजे भरपाई नाही": हे खरं नाहीये

शहराच्या नोकरीतल्या लोकांमध्ये हे वर्षानुवर्षं फिरतंय, की ड्युटीवर स्वतःच्या चुकीने लागलं तर भरपाईचा क्लेम करायचाच नाही. साफ चुकीचं आहे हे. भरपाईची ही पद्धत उभीच मुळात "चूक कोणाची" हा प्रश्न बाजूला ठेवून केलेली आहे. जर्मनीत 1884 मध्ये अपघात विमा कायदा आला, अमेरिकेत विस्कॉन्सिनने 1911 मध्ये तसाच कायदा चालू केला, आणि सौदा साधारण असा की कामगाराने चूक सिद्ध न करता उपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग घ्यायचा, बदल्यात मालकावर मोठ्या नुकसानभरपाईचा दावा सहसा करायचा नाही.

म्हणजे बघा, कचरागाडीच्या पायरीवरून घाईत उडी मारली आणि गुडघा मुरगळला, तर घाई केली म्हणून क्लेम बाद होत नाही, कामामुळे आणि काम करताना लागलं का एवढंच मुख्य. दारू पिऊन किंवा मुद्दाम करून घेतलेली इजा, तिथे मात्र बऱ्याच कायद्यांत नकार मिळू शकतो.

खरं नुकसान होतं ते गप्प बसल्याने. माणूस घाबरून चार दिवस लंगडत काम करतो, मग कळवतो, तोवर दुखणं वाढलेलं असतं आणि ते कामावरचंच आहे हे दाखवणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे सुपरवायझर लोकांनो, प्लीज, फॉर्मवर "निष्काळजीपणा" लिहून मोकळे होऊ नका, कुठे, किती वाजता, काय करताना लागलं आणि कोणी पाहिलं ते लिहा, त्याच दिवशी.